नदीकाठची कचेरी

ऑगस्ट 2020 च्या महापुराने भंडारा शहराचा मोठा भाग पाण्याखाली घातला, तेव्हापासून या शहराविषयी बोलताना एक वाक्य सिद्धांतासारखे उच्चारले जाते: भंडारा हे वैनगंगेचे अपत्य आहे. काठाचे सुशोभन मागणारे ते म्हणतात आणि पूररेषेची आठवण देणारेही तेच म्हणतात. दोघांच्या हेतूंविषयी मला आदर आहे; पण हे गृहीत तपासण्याची तसदी कोणीच घेत नाही, याचा खेद होतो.

रतनपूरच्या बाराव्या शतकातील शिलालेखात ‘भाणारा’ येतो म्हणून शहर प्राचीन ठरवणाऱ्यांना एवढेच सांगावे, की नामोल्लेखाने वस्ती सिद्ध होते, नगर नव्हे. रेल्वेने शहर घडवले म्हणणाऱ्यांचे उत्तर तर वरठीच्या स्थानकातच आहे: लोहमार्ग शहरापासून काही कोस दूरच राहिला, आणि तो 1880 च्या सुमारास आला तेव्हा भंडाऱ्याच्या जिल्हा कचेरीला साठ वर्षे होत आली होती.

नदीचा सिद्धांत मात्र इतक्या सहज सोडता येत नाही, कारण तो डोळ्यांना पटतो. नदी नगरे घडवते हे खरे असेल, तर त्याच वैनगंगेच्या काठी खाली वसलेली पवनी, जिच्या जगन्नाथ टेकडीवरील 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, जिला तट आणि खंदक होते आणि जिचे विणकर एकोणिसाव्या शतकातही नावाजलेले होते, ती पवनी मागे पडून भंडारा पुढे का यावे? पाणी तेच, काठ तोच. फरक हुकुमाचा होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स राज्याचा कारभार पाहू लागले, आणि 1821 च्या सुमारास जिल्ह्याचे लांजीचे ठाणे उठून भंडाऱ्यास आले. नागपूर जवळ, आणि रायपूरकडे जाणारी सडक हाताशी. जेंकिन्सच्या अमदानीत या मुलखाला नदीचेच नाव होते, हे मी मान्य करतो. परंतु नदीचे नाव धारण करणे वेगळे आणि नदीवर उपजीविका करणे वेगळे. वैनगंगेचे पात्र खोल, दरडी उंच. पावसाळ्यात ती काठ ओलांडते आणि उन्हाळ्यात वाळूत रुतते, त्यामुळे शेताला जेव्हा पाण्याची निकड असते तेव्हा तिचे पाणी शेताच्या खाली असते. नदीलगतच्या सुपीक चौरास पट्ट्यातला शेतकरीसुद्धा परंपरेने विहिरीवर विसंबला, नदीवर नव्हे.

मग या मुलखाचे अन्न कोठून आले? लाखांदूर तालुक्यातील दिघोरीच्या बाजूने धानाच्या बांध्यांतून फिरणाऱ्याला याचे उत्तर शोधावे लागत नाही. उताराच्या वरच्या अंगाला मातीची पाळ, तिच्यामागे तलाव किंवा लहानशी बोडी, सांडव्यातून निघालेले पाणी एका बांधीतून दुसरीत, आणि शेवटच्या बांधीपर्यंत रोवणी: हा या भूमीचा आद्य नकाशा आहे. तो इंग्रजांनी काढला नाही आणि नदीनेही नाही. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तो पाळीपाळीने रचला; आज गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटलांनी बांधला, असे परंपरा सांगते. कंटूररेषा कागदावर न पाहिलेल्या या माणसांना जमिनीचा उतार पायांना कळत होता, आणि त्यांच्या कर्तृत्वापुढे मला कचेरीच्या दगडी इमारती फार किरकोळ वाटतात.

माझा सारा आग्रह या एका भेदापाशी येतो: वाहते पाणी आणि अडविलेले पाणी. भंडारा वाहत्या पाण्याच्या काठी बसले, पण पोसले गेले अडविलेल्या पाण्यावर. धानाचा सारा तलावांखालच्या गावांतून येई. 1853 नंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, पुढे बंदोबस्तात मालगुजारांना मालकी हक्क मिळाले, आणि साऱ्याची मोजणी, दावे, अर्ज, वकील, सावकार ही मंडळी कचेरीभोवती गोळा होत गेली. 1867 साली नगरपालिका आली ती या वस्तीसाठी. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती खरी. पण ती भांडी विकत घेणारे घरही धान पिकल्यावरच बाजाराला निघे. दुष्काळात शहर का कोमेजत असेल हे समजण्यासाठी नदीची पातळी पाहून भागत नाही. पाळीमागे किती पाणी साठले होते ते पाहावे लागते.

म्हणून नदीकाठाच्या आराखड्याला माझा विरोध नसला, तरी त्यालाच शहराचा इतिहास म्हणण्याला आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, सांडव्याखाली पहिले पाणी कोणाचे, ही गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली जबाबदारी दप्तराकडे गेली आणि बहुतेक ठिकाणी तेथेच पडून राहिली. भंडाऱ्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने घाटावर जाण्यापूर्वी गावोगावचे जुने मिसल बंदोबस्त आणि वाजिब-उल-अर्ज उघडावेत. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला किती आणि कोणाच्या हक्काने, याची नोंद तेथे आहे.