धाकट्याचा कुणगा

दोन वर्षांमागे गणपतीत आमच्या पडवीत मॉरिशसचे पाहुणे आले. नवरा-बायको आणि कॉलेजातली मुलगी. नवऱ्याच्या हातात एक कागद होता. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या गिरमिटियांची दप्तरं सांभाळून ठेवली आहेत, तिथून काढलेली नक्कल. त्यात त्याच्या पूर्वजाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि आमचं गाव. बापाचं नाव आमच्या वंशावळीतलंच.

1834 पासून ही माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांत नेली. आमच्या कोकणातली मुंबईहून जहाजात बसली. पाच वर्षांचा करार असायचा, पण बरेचसे तिथलेच होऊन गेले. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती उतरली, त्याच्या सोळा पायऱ्या अजून आहेत म्हणे. मुलगी फोनवर फोटो दाखवत होती. आम्ही मुंबईच्या चाकरमान्यांचं कौतुक करतो, पण आमचा सगळ्यांत लांबचा चाकरमानी हा. रजा मिळालीच नाही त्याला.

पाहुण्याला मराठी मोडकीतोडकी यायची. पण रात्री जाखडीचा ताल धरला तसा तो उठला आणि बरोबर पाय टाकू लागला. तिकडे झाकरी म्हणतात. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

तेवढ्यात पुतण्या कानाशी आला. "काका, हे हिस्सा मागायला तर न्हाय ना आले?"

मी त्याला गप्प केलं. पण खरं सांगतो, माझ्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. सकाळीच सातबाऱ्याची फाईल मी पेटीच्या तळाशी ठेवली होती.

पाहुण्याने मागितलं काय, तर मूठभर माती. घर होतं तिथली. मी अंगणातली दिली. त्याने रुमालात बांधली, कपाळाला लावली.

रात्री झोप लागेना. ओढ्यापलीकडे आमचा एक कुणगा आहे, त्याला सगळे ‘धाकट्याचा कुणगा’ म्हणतात. मी लहानपणापासून त्यात लावणी केली. कोण धाकटा, हे कधी विचारलं नव्हतं. पंजोबांचा धाकटा भाऊ ‘दर्यात गेला’ एवढंच ऐकलं होतं. सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढतो आम्ही. म्हणजे ज्याला मेला म्हणून जेवू घालत होतो, तो तिकडे ऊस तोडत होता, पोरं वाढवत होता, आणि त्याचा कुणगा आम्ही खात होतो.

कसेल त्याची जमीन, हे मला मान्य आहे. पाच पिढ्या आम्ही चिखल तुडवला. कायद्याने मागण्यालाही मुदत असते. पण तो गेला म्हणून घरातलं एक ताट कमी झालं आणि आमची ताटं भरली, हेही तितकंच खरं. ह्या ऋणाला मुदत कोणी घातली? आणि फेडायचं म्हटलं तरी कशाने? त्याला जमीन नकोच होती. मी त्याच्यापासून लपवत होतो ती जमीन नव्हेच, ती त्याची आठवण होती.

सकाळी त्याला ओढ्यापलीकडे नेलं. पुतण्या नाराज होता, तोही मागोमाग आला. भात पोटरीला आलेलं. मी म्हटलं, "हा तुमच्या पणजोबांचा. आम्ही अजून त्यांच्याच नावाने ओळखतो." मुलीने त्यांच्या भाषेत सांगितलं. पाहुण्याने बूट काढले, बांधावर बसला आणि चिखलात हात घालून रडला. मग अंगणातली माती सोडून रुमालात ही बांधली.

जाताना मुलगी म्हणाली, "काका, आता तुम्ही या."

सातबारा आहे तसाच आहे. त्यात नाव लावायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते विचारणारंही कोणी नाही. एवढंच केलं, की कुणग्याचं भात हल्ली वेगळं झोडतो आणि सर्वपित्रीचं पान त्याच तांदळाचं वाढतो. पुतण्याच ते आठवणीने बाजूला काढतो.