थांबायची मुभा

माझी आई मढे घाटानं मीठ आणायची. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरातून कोकणात उतरायचं, मीठ आणि सुकट घ्यायची, चुंबळीवर ओझं ठेवायचं आणि तोच घाट पुन्हा चढायचा. त्यातलं थोडं घरी राहायचं, बाकीचं वाड्यावस्त्यांवर भाताच्या बदल्यात जायचं. माझ्या शाळेचा खर्च त्याच ओझ्यातून निघाला. म्हातारपणी तिचे गुडघे इतके गेले की उंबरा ओलांडताना चौकट धरायची.

म्हणून जावई हौसेनं डोंगरात पळतो, हे लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला रागच आला. दोघं नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला असतात. "पोट भरलंय, दुसरं काय!" असं मी बायकोला म्हणलो. ज्या चढानं माझ्या आईचे गुडघे खाल्ले, तसलाच चढ हा पैसे भरून चढणार. ही मस्ती नाही तर काय?

मग एका ऑगस्टात, लावण्या उरकून, आम्ही दोघं तिकडं गेलो. नेमकी त्याची शर्यत आली. सिएर ते झिनाल, आल्प्समधली जुनी शर्यत, १९७४ पासून चालू असलेली. ३१ किलोमीटर वाट, २२०० मीटर चढ आणि ११०० मीटर उतार. पहिले येणारे अडीच तासांच्या आसपास पोचतात, बाकीच्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. सिएरहून सुटलं की शांदोलँ गावापर्यंत जवळपास १४०० मीटर वर चढायचं. आपला तोरणा समुद्रापासून जेवढा उंच, तेवढं.

आम्ही शांदोलँला उभे होतो. घरं लाकडाची, उन्हानं काळी पडलेली. धान्याच्या कोठ्या लाकडी खांबांवर, आणि खांब न् कोठी यांच्यात सपाट दगडी चकती, उंदीर वर चढू नये म्हणून. ते बघून मला एकदम आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. उंदराची भीती सगळीकडं सारखीच.

लेकीनं सांगितलं, या खोऱ्यातली माणसं पूर्वी वर्षभर वर-खाली करायची. द्राक्षाचे मळे खाली सिएरजवळ, गावं मधे, उन्हाळ्यातली कुरणं आणखी वर. गुरं, पोरंबाळं, कधी गावचा पाद्री न् मास्तरसुद्धा बरोबर. म्हणजे ही वाटसुद्धा पोटासाठीच पडलेली.

एका घरापुढं बाकावर म्हातारी बसली होती. लेकीला म्हणलं, विचार तिला, या पळणाऱ्यांचा राग नाही येत का? म्हातारी हसली. म्हणाली, लहानपणी आईबरोबर मळ्यात जाताना आम्ही पोरं पैज लावून पळायचो.

तिचं बोलणं ऐकलं आणि मला आईचं एक वाक्य आठवलं. "माझ्या आदी खिंडीत कुणी पोचलं न्हाय कदी." हे सांगताना तिचे डोळे चमकायचे. चौघी-पाच जणी असायच्या, ओझ्यासकट चढाओढ करायच्या. हे मी कितीदा ऐकलं होतं, पण मनात ठेवलं नव्हतं. मला आईचे फक्त कष्ट हवे होते. तिचा आनंद माझ्या हिशोबात बसत नव्हता.

का बसत नव्हता? आता लिहायला हरकत नाही. मी दहावीला शाळा सोडली तेव्हा अंगानं धडधाकट होतो. ते ओझं मला उचलता आलं असतं. पण दहावी शिकलेल्या पोरानं डोक्यावर मीठ वाहायचं, याची मला लाज वाटली. आई पुढं पाच-सहा वर्षं चढतच राहिली. मी तिला एकदाही म्हणलो नाही, "आता थांब, मी जातो." जावयावरचा माझा राग खरं म्हणजे माझाच माझ्यावरचा होता. तो त्याच्या डोक्यावर ठेवून मी मोकळा होऊ बघत होतो.

तिला घाट चढताना आनंद व्हायचा म्हणून तिचं ओझं हलकं होत नाही. आणि जावई घाम गाळतो म्हणून त्याचे कष्ट तिच्या बरोबरीचे ठरत नाहीत. घाम सारखा, दम सारखा, चढही सारखाच. फरक एवढाच की त्याला वाटेल तिथं थांबता येतं. तिला येत नव्हतं. पण पुढच्या पोराला थांबता यावं, एवढ्यासाठीच तर ती चढत होती. मग ते मिळालेल्या पोरावर मी कोणत्या तोंडानं चिडू? त्यानं फक्त एक ध्यानात ठेवावं. पायाखालची वाट हौसेनं पडलेली नाही. एवढं ध्यानात ठेवून पळला तर खुशाल पळावं.

जावई आला. गुडघ्यांवर हात टेकवत, तोंड लाल झालेलं. मी पाण्याचा पेला पुढं केला.

"लई झालं असेल तर थांबा," मी म्हणलो. "कुणी काही म्हणणार नाही."

त्यानं पाणी पिलं, हसला आणि निघाला. पुढं निम्म्याहून जास्त वाट बाकी होती.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. जिला सांगायचं होतं, ती मात्र ऐकायला नव्हती.