पहार किती खोल गेली

मंगळवेढ्याच्या शिवारात दोघा भावांची वाटणी झाली. थोरल्याला ओढ्याकाठची काळी चार एकर आली, धाकट्याला माळाकडची सहा. पहिल्या रब्बीला दोघांनी एकाच पोत्यातली मालदांडी एकाच आठवड्यात पेरली. हस्ताचा पाऊसही दोन्ही रानांवर सारखाच पडला.

महिनाभर पीक सारखंच दिसलं. पुढं माळाची ज्वारी दुपारी माना टाकायला लागली. कणसं पोटरीतच अडकली, जी बाहेर आली त्यांत दाणा भरेना. संक्रांतीला थोरल्याच्या बांधावर हुरड्याची आगटी पेटली, तेव्हा धाकट्याचं रान पांढरं पडलं होतं.

"दादाच्या आधी माझं पीक काढणीला आलं, पण पदरात नुसती चिपाडं," तो आईला म्हणाला. "बी दादानंच निवडलं. वाटणीतही मलाच फसवलं."

"काढणीला आलं न्हाई रं, वाळलंय. पिकणं येगळं, वाळणं येगळं," म्हातारी म्हणाली आणि तिनं पहार आणायला लावली.

काळ्या रानात वरचा भेगाळलेला थर फुटला आणि पहार कमरेएवढी उतरली. ओढून काढली तर टोकाला ओली माती चिकटलेली. माळावर मात्र ती फूटभर गेली नाही तोच मुरमावर खणकन वाजली. टोक कोरडं ठणठणीत.

रब्बीची ज्वारी पेरणीनंतर फारसा पाऊस पाहतच नाही. जमिनीनं पोटात साठवलेल्या ओलीवर तिला दाणा भरायचा असतो. काळ्या मातीत ती ओल मुळांना खोलवर सापडत जाते. उथळ मुरमाड रानात ती मध्येच संपते, आणि सव्वाशे दिवसांच्या आसपास येणारी मालदांडी ऐन दाण्याच्या वेळी उपाशी राहते. यात बियाण्याचा दोष नव्हता, भावाचाही नव्हता.

"तुज्या बानं दोन एकर जास्त का सोडली, आता कळलं का?" म्हातारीनं विचारलं. धाकट्यानं मान खाली घातली.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं माळावर सारे पाडले, आडवे दंड टाकले. रानाचे चौकोनी बंदिस्त वाफे झाले आणि वाहून जाणारं पाणी जागच्या जागी मुरलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं उथळ जमिनीसाठी काढलेली 'फुले अनुराधा' त्यानं पेरली. ती 105 ते 110 दिवसांत येते. तीन आठवड्यांनी पहिली कोळपणी, पाचव्या आठवड्यात दुसरी, आठव्यात भेगा बुजवायला दातेरी कोळपं. ओल संपायच्या आत कणीस टोकापर्यंत भरलं. थोरल्याच्या एकरी उताऱ्याची बरोबरी झाली नाही. फूटभर मातीत ती होणारही नव्हती. पण वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा घरचा झाला.

ते पाहून थोरल्यालाही लवकर येणाऱ्या बियाचा मोह पडला. म्हातारीनं त्याला अडवलं. "तुज्या रानात खाली ओल उरंल आन् पीक आदीच उठंल. ती ओल कुणासाठी ठेवतोस?" त्यानं भारी जमिनीसाठीची 'फुले वसुधा' धरली.

तुमच्याही रानात पेरणीआधी चार ठिकाणी पहार मारून बघा. माती फूटभर असेल तर अनुराधा घ्या, दोन फुटांपर्यंत असेल तर मालदांडी किंवा 'फुले सुचित्रा', त्याहून खोल असेल तर वसुधा. आणि रान कोणतंही असो, वाफे पावसाळ्यातच बांधा.