रमाबाईंच्या आठवणीतले माधवराव



१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, म्हणजेच माधवराव, मुंबईत वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आतल्या. पुढचं वर्षभर त्या कुठल्या समारंभाला गेल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या, कामाला लागल्या आणि १९१० साली त्यांचं पुस्तक आलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

रानड्यांची थोरवी सांगणारे पुष्कळ होते. सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, हायकोर्टातलं न्यायासन, हे सगळं लोकांना ठाऊकच होतं. रमाबाईंनी लिहिला तो घरातला माणूस. जेवताना, दाढी करून घेताना, पहाटे अंथरुणात बसलेला.

आणि सुरुवात केली ती कुठून? ज्या गोष्टी एखाद्या बाईनं मनातच ठेवल्या असत्या, तिथूनच. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, माधवराव एकतीसचे. पहिली पत्नी जाऊन फार दिवस झाले नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं लहान मुलीशी लग्न केलं ते वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून. लग्न लागून घरी आल्यावर ते कुणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. आपण या घरात आलो त्या दिवशी नवऱ्याच्या मनात काय चाललं असेल, हे त्या सदतीस वर्षांनी, स्वतःच्या नावानं छापलेल्या पुस्तकात सांगतात. त्यात तक्रारीचा सूर नाही. मला हे धैर्य फार मोठं वाटतं.

त्याच माणसानं मग तिला विचारलं, माझं नाव तुला ठाऊक आहे का? तिनं ऐकलेलं नाव सांगून टाकलं. लिहितावाचता येतं का? येत नव्हतं. लगेच पाटी आली, मुळाक्षरं सुरू झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेनं शिकणं मुळीच खपत नसे. दिवसभर त्यांचं ऐकून घ्यायचं आणि रात्री धडा द्यायचा, अशी ती वर्षं गेली. माधवराव बायकोच्या बाजूनं घरात भांडले नाहीत, पण शिकवणंही एक दिवस सोडलं नाही. हा त्यांचा स्वभाव. आवाज चढवायचा नाही आणि धरलेलं सोडायचं नाही.

मला सगळ्यात आवडते ती कलकत्त्याची आठवण. १८८६ साली सरकारनं त्यांना फायनान्स कमिटीवर नेमलं, म्हणून दोघं तिथं राहिली होती. बंगाली वर्तमानपत्र विकणारा दारात आला. वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. माधवरावांना ते रुचलं नाही. ज्यांच्या गावात राहतो त्यांची भाषा येऊ नये, याचं त्यांना वाईट वाटलं. तुम्हीच शिकवा मग, असं रमाबाई म्हणाल्या. पण त्यांना तरी कुठे येत होती! त्यांनी पुस्तकं आणली आणि शिकायला बसले. एके दिवशी रमाबाई पाहतात तो न्हावी दाढी करतोय आणि माधवराव मोठ्यानं बंगाली वाचताहेत. अडलं की न्हाव्याला विचारताहेत, तो उच्चार सुधारून देतोय. रमाबाईंनी या नव्या गुरूवरून थट्टा केली, तर ते म्हणाले, दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते. चव्वेचाळीस वर्षांचा, सरकारदरबारी मान असलेला हा माणूस साबण लावलेल्या तोंडानं न्हाव्याकडून धडा घेतो, आणि त्यात आपला कमीपणा होतोय असं त्याच्या मनातही येत नाही. त्यांची विद्वत्ता त्यांच्या ग्रंथांतून कळते. तिच्या मुळाशी असलेली ही नम्रता मात्र रमाबाईंनी पाहिली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

पहाटेच्या आठवणीही अशाच. भल्या पहाटे जाग आली की ते अभंग म्हणत, भरात येऊन चुटक्या वाजवत. एका अभंगाचे चरण दुसऱ्यात जात. रमाबाई हसत, आणि त्यांची तंद्री मोडत नसे.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या उण्या गोष्टी कुणी काढत नाही. रमाबाईंनी हा संकेत पाळला नाही, आणि त्यामुळेच त्यांचं प्रेम मला खरं वाटतं. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढा गहजब झाला, ते आपल्याला ठाऊक आहे. अखेर माधवरावांनी प्रायश्चित्त घेतलं, तेही स्नेह्यांची अडचण सुटावी म्हणून. रमाबाईंना ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही असं त्यांनी लिहून ठेवलं. ज्या हाताला माधवरावांनीच अक्षर गिरवायला शिकवलं, त्या हातानं त्यांच्याशी असलेला मतभेद कागदावर उतरवला. शिकवणाऱ्याला याहून मोठं यश कोणतं असेल, मला सांगता येणार नाही.

आणि नवऱ्यावरच्या पुस्तकात त्या अडकूनही पडल्या नाहीत. १९०९ साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदनाचं काम सुरू झालं. ज्या विधवांच्या वाट्याला घरातला कोपरा आणि मुकाट काम एवढंच यायचं, त्या तिथं शिकू लागल्या. पुढे कुणी परिचारिका झाल्या, कुणी शाळेत शिकवू लागल्या. १९२४ साली रमाबाई गेल्या, तोवर त्या या कामातच होत्या.