घरी नात आली असता

शास्त्रपाठ : ईयोब 42:12-15



खेड्यात सुनेला मुलगा झाला म्हणजे निरोप्या वेशीपासूनच ओरडत येतो आणि घरोघर पेढे वाटले जातात. मुलगी झाली म्हणजे तोच निरोप हळू आवाजात सांगितला जातो. शेजारीण येते, बाळाकडे पाहते आणि म्हणते, "असू द्या, पुढच्या खेपेस देव देईल." जणू काय ह्या खेपेस देवाने काहीच दिले नाही! ही भाषा आपल्या ख्रिस्ती घरांतही ऐकू येते, आणि पुष्कळदा ती प्रथम आजीच्याच तोंडून निघते. म्हणून आजचे हे बोलणे विशेषेकरून आजी-आजोबांसाठी आहे.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आपण घाईने वाचतो. दुःखाचे दिवस सरले, मेंढरे, उंट, बैल व गाढवी दुप्पट झाल्या, सात मुलगे व तीन मुली झाल्या, इतके वाचून आपण पुस्तक मिटतो. परंतु येथे शास्त्र एक नवल करते. सात मुलग्यांपैकी एकाचेही नाव ते सांगत नाही. मुलींची मात्र तिन्ही नावे सांगते : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. पहिलीच्या नावाचा अर्थ कबुतर असा लावतात. दुसरीचे नाव दालचिनीसारख्या एका सुवासिक सालीचे आहे. आणि तिसरीचे नाव म्हणजे काजळ ठेवण्याचे शिंग. ज्या मनुष्याने राखेत बसून आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तोच आता लेकींना सुगंधाची व काजळाची नावे ठेवतो. आणि तेवढ्यावर न थांबता भावांच्या बरोबरीने त्यांना वतन देतो.

नाव ही लहान गोष्ट नव्हे. सातारा जिल्ह्यात 2011 साली सरकारी पुढाकाराने दोनशेंहून अधिक मुलींची नावे बदलण्यात आली, कारण त्यांची नावे "नकोशी" किंवा "नकुसा" अशी होती. मुलीवर मुली झाल्या असता शेवटचीस हे नाव ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी लोकांची समजूत. मास्तरांनी हजेरी घेताना रोज "नकोशी" म्हणून हाक मारावी, आणि त्या लेकराने रोज "हजर" म्हणावे! नाव न ठेवताही नकोशी करणारे तर पुष्कळच आहेत. 2001 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 साली त्या 894 राहिल्या. गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरले असतानाही ही घट झाली आहे.

ह्याच्या उलट पंडिता रमाबाईंचे घर पाहा. त्यांना व त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी यांना मुलगीच व्हावी अशी इच्छा होती. 1881 साली मुलगी झाली, आणि तिचे नाव मनोरमा, म्हणजे मनाला आनंद देणारी, असे ठेवले गेले. त्या वेळी रमाबाईंचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे व थोडी लाजही धरावी. पुढे 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे आई व लेक ह्या दोघींनाही बाप्तिस्मा मिळाला.

एखादा अभ्यासू उपदेशक येथे विचारील, "लेवीय 12 मध्ये मुलगा झाल्यास आईच्या शुद्धीकरणाचे दिवस चाळीस, आणि मुलगी झाल्यास ऐंशी सांगितले आहेत, मग भेद शास्त्रातच नाही काय?" प्रश्न योग्य आहे, तो दडवू नये. जुन्या कराराचे चिन्ह जी सुंता, तीही मुलग्यांनाच होती. परंतु ख्रिस्ताने जे नवे चिन्ह दिले ते पाण्याचे आहे, आणि पौल गलतीकरांस लिहितो की, ज्यांनी तो बाप्तिस्मा घेतला त्यांच्यात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरला नाही. पाळक मुलीच्या मस्तकावर अर्धी ओंजळ पाणी घालत नाहीत.

आपल्या वाडवडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी जात टाकली. त्यासाठी कित्येकांचा पाणवठा बंद झाला, सोयरे तुटले, तरी त्यांनी ती पुन्हा उचलली नाही. मात्र एक जात आपण घरात तशीच ठेवली आहे. ती म्हणजे "मुलीची जात". मुलीच्या जातीला इतके हसणे शोभत नाही. मुलीच्या जातीने आधी भाकरी थापायला शिकावे, पुस्तक मग. भावाच्या ताटात अंडे, बहिणीच्या ताटात कोरडी भाकर. ती डोक्यावर हंडा घेऊन येते तेव्हा तो पारावर खेळत असतो, आणि पडून रडू लागला तर आपण त्यालाही म्हणतो, "बायकांसारखा रडतोस काय?" लाजराच्या कबरेजवळ प्रभू रडला. त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पुन्हा उठल्यावर समुद्रकाठी कोळशांचा विस्तव करून त्याने मासळी भाजली आणि दमलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलाविले. तर मग चुलीपाशी बसल्याने नातवाचे काय कमी होणार आहे? आणि मरीया प्रभूच्या पायांशी शिकावयास बसली तेव्हा त्याने तिला स्वयंपाकघरात परत पाठविले नाही.

सुनेला बोल लावणाऱ्यांना एवढेच सांगावे की, मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते, असे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. आईकडे त्याचा दोष असण्याचा प्रश्नच नाही. आणि मुळात दोष कसला?

आता वतनाविषयी. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक व सर्व सरदारांपुढे उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव का बुडावे, असे त्यांनी विचारले. मोशेने स्वतः निवाडा केला नाही. तो परमेश्वराकडे गेला, आणि उत्तर आले की, मुली म्हणतात ते बरोबर आहे. पुढे 36 व्या अध्यायात त्यांच्या विवाहाविषयी एक अट आली हे खरे, पण यहोशवा 17 मध्ये त्यांना जमीन प्रत्यक्ष मिळाली. आपल्या देशात मृत्युपत्र न करता मेलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मुलांत व मुलींत 1925 च्या वारसा कायद्याने समान वाटा आहे. तरी आपल्यातील भाऊ काय करतो? बहिणीला माहेरी बोलावतो, साडीचोळी करतो, आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. माहेर तुटेल ह्या भीतीने ती सही करते, आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. आजोबांनो, असले कागद बहुधा तुमच्यासमोर होतात. पाळण्यातल्या नातीला "परक्याचे धन" म्हणणारे तोंड आणि त्या कागदाला मान डोलावणारे डोके एकच असते.

नव्या करारात "आजी" हा शब्द एकदाच येतो, 2 तीमथ्य 1:5 मध्ये. ती लोईस. तिच्या ठायी जो निष्कपट विश्वास होता तो युनीकेच्या ठायी आला, व तिच्यापासून तीमथ्याकडे. कोणी म्हणेल, अखेर मुलगाच कामास आला! पण बाप हेल्लेणी होता; बाळपणापासून शास्त्र शिकविणारे हात बायकांचेच होते. रमाबाईंनाही संस्कृत त्यांच्या आईने शिकविले. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले मराठी बायबल त्यांच्या मागे, 1924 साली, केडगावी छापून पुरे झाले.

उपदेशक बंधूंना एक विनंती. मंडळीत कोठे मुलगी झाल्याचे कळताच त्याच दिवशी त्या घरी जा, आणि पेढे मागा. मुलाच्या वेळी उपकारस्तुतीची प्रार्थना जेवढी लांब करता तेवढीच करा, आणि तीत "पुढच्या खेपेस" हे शब्द येऊ देऊ नका. बाळंतिणीचे नाव घ्या. आजीला विचारा, नातीचे नाव काय ठेवणार. आणि ते ठरले म्हणजे रविवारी सर्व मंडळीसमोर मोठ्याने सांगा.