आखूड तंतू, अखंड सूत

देशी कापसाचा तंतू साधारण २० ते २५ मिलिमीटरचा. त्यापासून निघणारे सूत मात्र शेकडो मीटर अखंड चालते, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू नसतो. मग त्या सुताला ‘एक’ म्हणायचे ते कशाच्या बळावर?

सरकी काढलेली रुई पिंजून तिचे पेळू वळतात. टकळीवर किंवा चरख्याच्या चातीवर कातताना हात मागे ओढला की तंतू एकमेकांवरून घसरत लांबतात. त्याच वेळी चाती त्यांना पीळ देते. पिळलेल्या सुतावर ताण आला की बाहेरचे तंतू आतल्यांना दाबतात, घर्षण वाढते आणि घसरणे थांबते. सूत सोडवू पाहणारा ताणच पकड घट्ट करतो. पीळ कमी पडला तर सूत ओढताच सुटते, फार झाला तर गुरफटते आणि तुटते. आखूड तंतूंना एकमेकांना धरायला लांबी थोडी मिळते, म्हणून त्यांना पीळ जास्त लागतो.

गिरणीत हाताच्या ओढीचे काम वाढत्या वेगाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्या करतात आणि रिंगभोवती धावणारी ट्रॅव्हलर नावाची छोटी कडी पीळ घालते. ओपन-एंड पद्धतीत तंतू पुरते सुटे करून हवेच्या झोताने रोटर या फिरत्या वाटीच्या खोबणीत सोडतात. तिथे आधीच्या सुताचे फिरते टोक त्यांना उचलून घेते. फार आखूड तंतूंना ही पद्धत मानवते. जुन्या सुताचे टोक आत सोडल्याशिवाय रोटरवर नवे सूत सुरूच होत नाही.

भारतीय दर्शनांनी ‘एक’पणाचा हा प्रश्न धागे आणि वस्त्र यांच्या दृष्टांतावर मांडला. सांख्य आणि वेदान्त म्हणतात, कार्य कारणात आधीच असते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी वस्त्राचा दाखला येतो, आणि भाष्यात तो गुंडाळलेल्या व पसरलेल्या वस्त्राचा म्हणून उलगडतो. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्र हे नवे द्रव्य आहे: धागे त्याचे समवायी कारण, धाग्यांचा संयोग असमवायी कारण आणि विणकर निमित्त कारण. बौद्ध अवयवांपलीकडे अवयवी, म्हणजे वेगळी पूर्ण वस्तू, मानतच नाहीत. खरे तर वस्त्रापेक्षा सुताचा दाखला या वादाला अधिक कस लावतो, कारण वस्त्रातला उभा धागा निदान सलग तरी असतो. सुतात तेही नाही. रुईच्या ढिगात जे बळ नव्हते ते सुतात येते, आणि ते येते केवळ संयोगातून. असमवायी कारणाला वेगळे स्थान देणाऱ्या नैयायिकांची बाजू इथे भक्कम दिसते.

हाच प्रश्न माणसाच्या ‘मी’लाही लागू पडतो. गीतेच्या सातव्या अध्यायात सर्व जग ईश्वराच्या ठायी, दोऱ्यात मणी ओवावेत तसे ओवलेले सांगितले आहे. तिथे दोरा टिकून राहणारा, सर्वांना धरणारा. बौद्धांचा संतानवाद मात्र बालपणापासून वार्धक्यापर्यंत जाणारे एखादे अखंड तत्त्व मानत नाही. एक क्षण पुढच्या क्षणाला जन्म देतो, तेवढ्यानेच सातत्य राहते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये कातण्याचाच दाखला आहे: धाग्याचे बळ अनेक तंतू एकमेकांवर येण्यात असते, एखादा तंतू पूर्ण लांबीभर जाण्यात नव्हे.

हिंगोली जिल्ह्यात एकमेकांवर येणाऱ्या तंतूंचा हा विचार परंपरेच्या रूपात दिसतो. तिथले नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते. ते शिंपी कुळातले. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश केला, असे वारकरी परंपरा सांगते. नामदेवांची ६१ पदे पुढे गुरू ग्रंथ साहिबात आली. विसोबांना पाहिलेला कोणीही त्या ग्रंथाच्या संकलनापर्यंत जगला नाही, तरी नाते तुटले नाही, कारण प्रत्येक पिढीचे आयुष्य आधीच्या पिढीच्या आयुष्यावर काही काळ पसरलेले होते आणि त्या सामाईक काळात नाम व कीर्तन हातोहात पुढे गेले.

नैयायिकांची एक शंका तरी उरते: निमित्त कारणाशिवाय, म्हणजे कातणाऱ्याशिवाय, पीळ पडेल कसा? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगाच्या कार्यत्वावरून ईश्वर सिद्ध करू पाहिला. बौद्धांना बाहेरचा कर्ता मान्य नाही. त्यांच्या मते कर्म आणि प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणांवर अवलंबून होणारी उत्पत्ती, एवढी कारणे पुरेशी आहेत. वारकऱ्यांचा कर्ता विठ्ठल आहे. पण त्याचे नाम पुढच्या पिढीच्या मुखी पोहोचते ते माणसांच्याच संगतीतून.