पस्तीस मिलिमीटर

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका शनिवारी आई-बाबांना घेऊन खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो होतो. वाटेत एका वस्तीपाशी उंच स्पीड ब्रेकर लागला. मी गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणालो, "आई, बाबा, जरा उतरता का? खाली घासेल." दोघं उतरले. मी गाडी तिरकी घालून एकेक चाक पलीकडे नेलं. आई चालत आली, बसली आणि एवढंच म्हणाली, "असे अजून किती आहेत रे?"

मी हसण्यावारी नेलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

गाडी सेकंडहँड स्कोडा लॉरा. संभाजीनगरच्या माणसाला ही गाडी घरचीच वाटते. शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, लॉराही तिथलीच. पहिल्या पगारापासून पैसे साठवून घेतलेली. मग ती 'आपली' करायची हौस आली. त्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या : मोठे अलॉय आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग.

अलॉयचा अभ्यास मी मन लावून केला. मूळचा टायर २०५/५५ आर१६, म्हणजे व्यास साधारण ६३२ मिमी. २२५/४५ आर१७ घेतला तर व्यास ६३४. फरक नगण्य, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. बोल्टची मांडणी ५ x ११२, मधलं भोक ५७.१ मिमी. ऑफसेटकडे जास्त लक्ष दिलं, कारण ही फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी. पुढची दोन चाकंच गाडी ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भार घेतात आणि निम्म्याहून जास्त वजनही पेलतात. ऑफसेट फार कमी घेतला तर चाक बाहेर येतं, झोकात दिसतं, पण जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग हाताला ओढ देतं आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. म्हणून मूळच्या जवळचाच ऑफसेट घेतला.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र मी फोटो पाहून भुललो. गाडी खाली आली की शॉकअपला दबायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग कडक लागते. गाडी खाली बसली की वळणावर आपोआप चांगली चालते, असंही नाही. लॉरासारख्या गाडीत पुढचे खालचे आर्म तिरपे होतात आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू बॉडीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे कलण्याची ओढ उलट वाढते. ती झाकायचं काम कडक स्प्रिंग करते. हे सगळं मी वाचलं होतं. एक्सेलमध्ये रकाने केले होते. त्यात किंमत होती, वजन होतं, रंगसुद्धा होता. मागची सीट नव्हती.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे प्रत्येक सेटिंगची एक डीफॉल्ट किंमत असते. नवा मुलगा आला की त्याला ती बावळट वाटते. मग एक दिवस कळतं की ती कुणीतरी अशा वापरणाऱ्यासाठी ठेवली आहे, जो आपल्या टेबलाशी बसलेला नाही. गाडीची उंचीही तशीच. पाच माणसं, भरलेली डिकी आणि गावकऱ्यांनी रातोरात घातलेला स्पीड ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडचे कसे असतात ते सांगायला नको.

म्हणजे कंपनीने दिलं ते पवित्र, असं मला म्हणायचं नाही. कंपनीही खर्च, मायलेज पाहूनच तडजोड करते. आणि हौस हा गुन्हा नाही. याच शहरात २०१० साली लोकांनी मिळून दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. आपल्याला गाड्यांचं वेड आहे, ते असू दे. "माझी गाडी, माझे पैसे" हे वाक्यही चुकीचं नाही, फक्त अपुरं आहे. खड्ड्यात अलॉय वाकला तर भुर्दंड मला. स्प्रिंगची किंमत मात्र मी एकदाच भरली. त्यानंतर दर ब्रेकरला ती आई भरत होती, चालत.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पण उद्या कायद्याने परवानगी दिली, तरी त्या शनिवारी जे झालं ते बरोबर ठरत नाही.

मला खरं टोचतं ते वेगळंच. मी विचारलं होतं, "उतरता का?" प्रश्नच होता तो. पण नाही म्हणायची सोय त्यात नव्हती. आणि आई-बाबा कधी तक्रार करणार नाहीत, हे मला माहीत होतं. आपल्या हौसेचा भार बहुतेक वेळा अशाच माणसांवर पडतो, जी आपल्यावर माया करतात, म्हणून गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याला आपण संमती समजतो. तिऱ्हाइताला उतरवताना मी दहा वेळा माफी मागितली असती.

दिवाळीआधी मूळच्या स्प्रिंग परत बसवल्या, अलाइनमेंट करून घेतलं. अलॉय ठेवले, ते मला आजही आवडतात.

नंतर पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. तोच ब्रेकर आला, मी वेग कमी केला. आरशात पाहिलं तर आईचा हात दाराच्या कडीवर होता.

"आई, आता उतरायचं नाही," मी म्हणालो.

"हो का," म्हणाली. पण गाडी पलीकडे जाईपर्यंत तिने हात काढला नाही.